जावेच्या लेकीचा जबडा

रोज सकाळी सव्वासातला, शाळेची गाडी यायच्या आधी, माझी काकू खिताम जिन्यातल्या खिडकीपाशी थांबायची, रुबाची हनुवटी दोन बोटांत धरायची आणि म्हणायची, "मिटव. उघड. पुन्हा मिटव." रुबा तिची मुलगी, माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी. ती झोपाळलेल्या डोळ्यांनी दात मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. काकू तिचं तोंड उजेडाकडे वळवून क्षणभर निरखायची, भाजीवाल्याकडचा टोमॅटो निरखावा तशी, आणि मग दप्तराचा पट्टा नीट करून तिला खाली पाठवायची. मी रुबाला बोलवायला वर आलेली असायची, दोन पायऱ्या खाली उभी. माझी हनुवटी काकूने कधी धरली नाही.

आमच्या शहरात, इरबिदमध्ये, विद्यापीठाच्या रस्त्यावर, एका पुस्तकांच्या दुकानाच्या वर, डॉक्टर सौसन यांचा दवाखाना होता. वाकडे दात आणि जबडे सरळ करण्याचा. काकू तिथे मदतनीस होती. पोरांच्या तोंडात मऊ लगदा दाबून साचा घ्यायचा, त्यांना ओकारी येऊ लागली तर पायाची बोटं मोजायला लावायची, आणि मग मागच्या छोट्या खोलीत त्या साच्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा, हे तिचं काम. खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर अर्ध्या इरबिदचे जबडे. लोकांची नावं ती विसरायची. पण बाजारात एखादी बाई हसली की माझ्या कानाशी म्हणायची, "ही वरच्या फळीवरची. खालचे दोन दात एकमेकांच्या मांडीवर बसलेत."

दर गुरुवारी दुपारी डॉक्टर सहा-सात वर्षांच्या मुलांना नुसतं बघायच्या. बायका पोरांना तेराव्या-चौदाव्या वर्षी आणतात, हाडं घट्ट झाल्यावर, अशी त्यांची तक्रार. पहिल्या मोठ्या दाढा आल्या की एकदा दाखवून जा, त्या म्हणायच्या. बहुतेकांना काही करावं लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांचं काम तेव्हा सोपं असतं. आमच्या गल्लीत हे कुणाला पटत नसे. "पडायचेच आहेत ते दात," आजी म्हणायची. "पडक्या भिंतीला रंग कोण देतं?"

काकूचा मत्सर आमच्या घरात जिन्यासारखा होता. सगळ्यांची त्यावरूनच ये-जा, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. तळमजल्यावर आम्ही, मधे आजी, सगळ्यात वर काकू. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, तळमजला आणि मागचं लिंबाचं झाड मिळालं, आणि थोरल्याला गच्चीखालच्या तापणाऱ्या खोल्या, कारण वाटणीच्या वेळी माझी आई, लमीस, पोटुशी होती आणि तिला जिने चढवत नव्हते. झाला तो मुलगा, माझा भाऊ करम. त्या दिवसापासून आई सगळ्या गल्लीची 'उम्म करम', करमची आई, झाली. काकूला रुबानंतर काही झालं नाही. तिच्या माहेरी सहावी मुलगी झाली तेव्हा वडिलांनी वैतागून नाव ठेवलं होतं खिताम, समाप्ती. समाप्ती झाली नव्हती, सातवीही मुलगीच झाली. माझी आई नाब्लुसकडची, गोरी, हाताला चव असलेली. तिची कुनाफा, पाक घातलेली चीजची मिठाई, परातीत थंड व्हायच्या आत संपायची. काकूची कुनाफा खाऊन लोक म्हणायचे, "चहा छान झालाय."

त्यात माझे दात. लहान, पांढरे, एकाला एक चिकटलेले. रुबाचे मोठे, फटींचे, अंगठा चोखून चोखून पुढे आलेले. पाहुण्या आल्या की आई म्हणायची, "हस गं दानिया," आणि बायका नजर लागू नये म्हणून "माशाल्ला, माशाल्ला" करायच्या. नेमकी तेव्हाच काकू कपबश्या गोळा करायला उठायची.

मी सात वर्षांची झाले त्या वर्षी ऑक्टोबरात एका सकाळी मला राहवलं नाही. मी वर चढले, रुबाला बाजूला सारलं आणि हनुवटी पुढे केली.

"काकू, माझे पण बघ."

"तुझे काय बघायचे? मोती आहेत तुझे," ती म्हणाली. पण सवयीने बोटं पुढे झालीच. "मिटव."

मी मिटले. तिने उघडायला लावलं, पुन्हा मिटायला लावलं. एकदा, दोनदा, चारदा. रुबाला कधी चारदा लावलं नव्हतं. मी खूश होऊन पायऱ्या उतरले.

तिने काय पाहिलं ते मला पुढे कळलं. माझा वरचा जबडा अरुंद होता. दात मिटताना एका बाजूला खालचे दात वरच्यांच्या बाहेर यायचे, आणि ते कसेबसे जुळवायला सगळा खालचा जबडा डावीकडे सरकायचा. नखाएवढाच. हसताना कळायचं नाही. पण हाड वाढतं ते ज्या बाजूला ओढलं जाईल त्या बाजूला वाढतं. आणि जिचं एवढं कौतुक, ती गच्च ओळ म्हणजे पुढच्या मोठ्या दातांना जागा नसल्याची खूण होती. दुधाच्या दातांत फटी असलेल्या बऱ्या. रुबाला होत्या तशा.

काकू चार महिने गप्प बसली.

हे तिनेच मला सांगितलं, मी एकोणीस वर्षांची असताना, प्लास्टरच्या खोलीत. "तुझी आई तुला हस म्हणायची आणि मी कपबश्या उचलायचेच नाही," ती म्हणाली. "बसून बघायचे. इतकं गोड वाटायचं गं, जिभेखाली खडीसाखर ठेवल्यासारखं. सगळ्या गल्लीत मला एकटीला ठाऊक, की उम्म करमच्या घरातली एक तरी गोष्ट वाकडी आहे."

फेब्रुवारीत एका शुक्रवारी रुबाचा दात पडला. दात पडला की आमच्याकडे तो सूर्याला देतात. सूर्य आमच्या भाषेत बाई आहे. जेवणं झाल्यावर सगळे गच्चीवर जमले, तारेवरचे कपडे बाजूला सारले, आणि रुबाने उन्हाकडे तोंड करून दात भिरकावला. "सूर्यबाई, सूर्यबाई, गाढवाचा दात घे, हरणाचा दे!"

"अगं जोरात फेक की," आई हसत म्हणाली. "मागचा पोचलाच नाही वाटतं वर. बघा ना जाऊबाई, गाढवाचाच परत आला."

सगळे हसले. काकासुद्धा हसला. रुबाने तोंडावर हात ठेवला.

"आमच्या दानियाला सूर्यबाईने न मागता हरणाचे दिले," आई म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"हरणाचे?" काकू म्हणाली. "नीट बघ लमीस, तुझ्या हरणाचं तोंड कुठे जातं ते. दात मिटले की हनुवटी डावीकडे सरकते तिची. वरचा जबडा अरुंद आहे. आत्ता दाखवलं नाहीस तर पोरगी वाकड्या तोंडाची होईल, मग घेऊन बस तुझे मोती."

शेजारच्या गच्चीवर कबुतरवाला शीळ घालत होता, तेवढीच ऐकू येत होती.

"खिताम," आजी हळूच म्हणाली, "माशाल्ला म्हण. आधी माशाल्ला म्हण बाई."

दुसऱ्याच्या लेकराबद्दल बरं-वाईट काहीही बोलायचं तर आधी तो शब्द ठेवायचा, गरम पातेल्याखाली फडकं ठेवावं तसा. काकूने ठेवला नाही. ती रुबाला घेऊन खाली निघून गेली.

संध्याकाळी मला ताप भरला. कान दुखत होता, पण ते दोन दिवसांनी डॉक्टरला दाखवल्यावर कळलं. त्याआधीच आजी तुरटीचा खडा घेऊन खाली आली होती. तिने तो माझ्यावरून सात वेळा ओवाळला आणि निखाऱ्यावर टाकला. तुरटी तडतडली, फुगली, पांढरी फुलून तिला एक आकार आला. ज्याची नजर लागते त्याचं रूप तिच्यात उमटतं. आजीने चिमट्याने ती वर धरली.

"हनुवटी बघा," आई म्हणाली. "बघा, बघा हनुवटी."

खरंच लांब हनुवटी होती, काकूसारखी. आजीने सुस्कारा सोडला. "सवतींची होडी पैलतीरी लागते, जावांची बुडते," ती म्हणाली आणि तो गोळा पायाखाली चिरडायला उंबऱ्याबाहेर टाकला.

दुसऱ्या दिवशी माझ्या सदऱ्याला आतून निळा मणी टोचला गेला. वर जायचं नाही, रुबाला खालूनच हाक मारायची, असं ठरलं. आणि माझ्या दातांबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असंही. काकूचं बोलणं तेवढं खरं होतं, आणि ते तिच्या तोंडून आलं म्हणून खोटं ठरलं होतं.

तिने डॉक्टरांना सांगितलं.

"मग घेऊन या म्हणावं त्यांना."

"सांगितलं, डॉक्टर."

"मग?"

"मग त्यांनी तुरटी जाळली."

डॉक्टरांना हसू आलं. काकूला नाही.

"मी फोन करू का?"

"तुम्ही केलात तर नंबर कुणी दिला ते तिला कळणारच. मी बोललेय ना, आता मला खोटं पाडायला ती पोरीला जन्मभर तशीच ठेवेल."

डॉक्टर म्हणाल्या, "आठ-नऊ वर्षांपर्यंत सोपं आहे, खिताम. टाळूला एक पट्टी, एक किल्ली. मोठेपणी तेच करायचं तर कधी कधी हाड कापावं लागतं."

"तेव्हा विरघळली का गं तुझी खडीसाखर?" प्लास्टरच्या खोलीत मी तिला विचारलं होतं.

"छे," काकू म्हणाली. "पण कापायचं म्हणजे... तेवढा माझा मत्सर मोठा नव्हता. तुझ्या आईचं नाक कापलं जावं एवढंच मला हवं होतं. तुझं हाड नको होतं."

माझ्या आईबद्दल काकूला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, जी बाबांनाही ठाऊक नव्हती. आईही तिच्यावर जळायची. काकू रोज पांढरा कोट घडी करून पिशवीत घालते, मिनीबस पकडते, संध्याकाळी डॉक्टरांच्या तोंडचे शब्द घेऊन घरी येते, यावर. काकू जिना चढायला लागली की आई दारात उभी राहून तिच्या बाहीवरचं प्लास्टर बघायची आणि मग आत जाऊन भांडी उगाच आदळायची.

पुढच्या शुक्रवारी गल्लीतल्या बायका कॉफीला काकूकडे जमल्या. आजीने बळेच ओढून आणलं म्हणून आईही आली, मला निळ्या मण्यासकट घेऊन. पाहुण्यांच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात सोनेरी काठाच्या कपांच्या मधोमध, लाल मखमलीच्या तुकड्यावर, प्लास्टरचा एक जबडा ठेवलेला होता.

"हे काय मांडलंयस, बाई?" आजीने विचारलं. "कुणा मेल्याचं तोंड?"

"रुबाचे दात, हाज्जा," काकू शांतपणे कॉफी ओतत म्हणाली. "गुरुवारी डॉक्टरांना दाखवले. एवढ्या लहान वयात सगळ्या नाही आणत. अम्मानच्या बायका आणतात म्हणे, शिकलेल्या. डॉक्टर मला म्हणाल्या, खिताम, तुम्ही शहाण्या आई आहात. वेळेवर आणलंत."

डॉक्टर असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "रुबाला काही नको. अंगठा तेवढा सोडव, वर्षाने बघू."

बायका कपाटापाशी गोळा झाल्या. एकीने विचारलं, "दुखतं का गं?" दुसरी म्हणाली, "माझ्या पोराचा पण करून दे बाई असा." आई जागची हलली नाही.

"आणि काय निघालं त्यात?" तिने शेवटी विचारलं.

"ते बाहेर सांगत नाहीत," काकू म्हणाली. "मुलीची जात आहे."

"तरी पण?"

"तुला काय करायचंय, लमीस? तुझ्या दानियाला गरजच नाही, माशाल्ला, माशाल्ला." काकूने तो शब्द दोनदा, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हटला. "आणि गर्दी फार असते तिथे. गुरुवारी, तीन वाजता. तू उगाच दगदग नको करूस."

आईने अर्धा कप तसाच खाली ठेवला.

गुरुवारी तिने ठेवणीतला राखाडी कोट घातला आणि माझे बूट ओल्या फडक्याने पुसले. "काकूला बोलायचं नाही," तिने मला जिन्यात बजावलं. दवाखान्यात काकू कुठेच दिसली नाही. मागच्या खोलीचं दार बंद होतं. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, हनुवटीला बोटं लावली, दात मिटायला लावले, आणि मग आईला आरसा धरून दाखवलं. हनुवटी डावीकडे सरकते. वरचा जबडा अरुंद आहे. गच्चीवरचं बोलणंच पुन्हा, फक्त रागाशिवाय.

आई बराच वेळ आरशाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता चिडणार. ती म्हणाली, "मला वाटतच होतं, डॉक्टर. कुणी म्हणायच्या आधीच. आईची नजर असते ना. म्हणून तर आणलं."

"शहाण्या आई आहात," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेवर आणलंत."

बंद दारामागे काहीतरी आपटलं. एकदा, पुन्हा एकदा.

"काय आहे तिथे?" आईने दचकून विचारलं.

"प्लास्टर," डॉक्टर म्हणाल्या.

"रबराच्या वाटीत कालवत होते," काकूने मला नंतर सांगितलं. "'शहाण्या आई' हा शब्द कानावर पडला आणि हात थांबला. हात थांबला की प्लास्टरचा दगड होतो. वाटी आपटून आपटून काढावा लागला. एवढ्या वर्षांत माझं प्लास्टर तेवढं एकदाच वाया गेलं. तो शब्द मी स्वतःसाठी रचला होता गं. मला कुणी म्हटलं नव्हतं तसं कधी. आणि तिला खरोखरचा मिळाला, तोही फुकट."

टाळूला पट्टी बसली. तिच्या मधल्या बारीक छिद्रात रोज किल्ली घालून एक फेरा द्यायचा होता. पहिले तीन दिवस आईने दिला. चौथ्या दिवशी मी कळवळले, तिच्या हातातून किल्ली पडली आणि ती खाटेवर बसून रडू लागली. आजीने किल्ली उचलली, माझा हात धरला आणि मला दोन जिने वर नेलं. आईने अडवलं नाही. नुसतं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काकू मला खिडकीत बसवायची. तिच्या बोटांना खडूसारखा वास यायचा. फेरा देताना ती एवढ्या मोठ्याने "माशाल्ला!" म्हणायची की तळमजल्यावर आईला ऐकू जावं. दहाव्या दिवशी माझ्या पुढच्या दातांमध्ये फट पडली आणि आई ओरडत जिन्याशी आली, "माझ्या पोरीचे मोती फोडले!" काकूने कठड्यावरून खाली वाकून सांगितलं, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला, पडेल म्हणून? का तेव्हा कोटाची बटणं मोजत होतीस? म्हणजे हाड उघडतंय. मिटेल आपोआप." ती मिटली.

माझी हनुवटी मधोमध आली. पुढचे दात आले ते जागा घेऊन आले. त्यांच्याकडे बघून लोक अजून माशाल्ला म्हणतात. आईने ही हकिकत किती बायकांना सांगितली असेल, मोजदाद नाही: माझ्या लक्षात आलं, मीच नेलं, डॉक्टर म्हणाल्या शहाण्या आई आहात. तेव्हा काकू कोपऱ्यात टरबुजाच्या बिया फोडत बसलेली असायची. एकेक बी दातांत धरून, टचकन. सगळी हकिकत संपेपर्यंत तिच्या पुढ्यात टरफलांचा ढीग जमलेला असायचा.

"तो जबडा तू मुद्दाम मांडला होतास, हे आईला कधीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कशाला? कळलं तर ती माझे आभार मानेल," काकू म्हणाली. "ते मला सोसायचं नाही. त्यापेक्षा जळलेली बरी."

"अजून जळतेस?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, जुन्या सवयीने आधी हनुवटीकडे. "आता तर जास्तच," ती म्हणाली. "माझ्याच हाताने केलंय ना."

गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाने असहकार पुकारला. डॉक्टरांनी जिना बंद केला, म्हणजे ती वरच अडकली. रुबा दुबईहून आली. एका रजेत जेवढं राहता येतं तेवढी राहिली. मी रोज संध्याकाळी काकूपाशी बसायची. आईचे गुडघे गेलेले, तरी ती रोज मसुराचं सूप झाकून दोन जिने चढायची, काकूच्या दारात उभी राहायची, पातेलं माझ्या हातात द्यायची आणि आत न येता विचारायची, "खाल्लं का कालचं?" मी हो म्हटलं की कठड्याला धरून उतरायची. आईला कधी काही कळलं होतं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काकूने दोन वाट्या सूप घेतलं. पावाच्या तुकड्याने वाटीचा तळ पुसला, तो तुकडाही खाल्ला. त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली, आणि त्या दोन दिवसांत बोलली ते फक्त श्वासाबद्दल आणि उशीबद्दल. त्या संध्याकाळी मी रिकामं पातेलं घेऊन खाली निघाले, तेव्हा तिने तोंड पुसत मला मागून हाक मारली.

"लमीसला सांग, मीठ कमी होतं."